कॅल्क्युलेटरला मोबाइलचा चार्जर जोडता येतो का?

घरोघरी एक खण असतो. त्यात बंद पडलेल्या फोनचे चार्जर, कशाचे ते आता कुणालाच आठवत नाही असे अडॅप्टर आणि वायरींचा गुंता पडलेला असतो. दुसरीकडे दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक कॅल्क्युलेटर असतो आणि त्याचे आकडे नेमके महिनाअखेरीला, हिशेबाच्या धांदलीत पुसट व्हायला लागतात. इकडे वीज पडून आहे, तिकडे विजेवाचून अडलंय. मग दोन वायरी जोडायला हरकत काय?

हरकत व्होल्टची आहे. मोबाइलचा चार्जर ५ व्होल्ट देतो आणि हातात मावणारे बहुतेक कॅल्क्युलेटर दीड किंवा तीन व्होल्टवर चालतात. मध्ये काही न घालता जोडलं तर पडद्यावरचे सगळे ठोकळे एकदम काळे होतात आणि पुढचं नशिबावर. मधला भाग नीट केला तर मात्र तासाभराचं काम आहे, आणि त्याला लागणारं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका दुकानात मिळतं.

## टाकीची उंची आणि नळाची धार

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. विजेतला हा दाब म्हणजे व्होल्ट. नळ सोडल्यावर प्रत्यक्षात जी धार वाहते ती अँपिअर. धार किती मोठी असावी हे टाकी ठरवत नाही, नळ ठरवतो. बारीक सोडला तर बारीक, पूर्ण सोडला तर मोठी.

चार्जरवर '५ व्होल्ट, २ अँपिअर' लिहिलेलं असतं. त्यातले ५ व्होल्ट तो देतोच देतो. २ अँपिअर ही मात्र त्याची कमाल ताकद आहे. समोरच्याने मागितलं तर तिथपर्यंत देईन, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून 'इतका मोठा चार्जर एवढ्याशा कॅल्क्युलेटरला जाळून टाकेल' ही भीती चुकीच्या आकड्याबद्दल आहे. हजार लिटरच्या टाकीखाली बारीक नळ असला म्हणून तो फुटत नाही. तो फुटतो टाकी विसाव्या मजल्यावर नेऊन ठेवली तर. थोडक्यात, व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर लागतात तेवढे किंवा त्याहून जास्त असले की झालं.

'पण माझा फास्ट चार्जर आहे, तो ९ किंवा १२ व्होल्टही देतो' असंही कुणी म्हणेल. देतो, पण फोनने त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलून मागणी केल्यावरच. मागणारा कुणी नसेल तर तो ५ व्होल्टवरच बसून राहतो.

## आधी पाठ उघडा

कोणत्या कॅल्क्युलेटरला किती व्होल्ट हे मॉडेलच्या नावावरून ओळखायला जाऊ नका. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत सेल वेगळे असतात. मागचं झाकण काढा आणि सेल मोजा.

एक पेन्सिल सेल असेल, एए असो वा त्याहून बारीक एएए, तर दीड व्होल्ट. दोन असतील तर तीन. एलआर४४ नावाचा शर्टाच्या बटणाएवढा सेल असेल तर एकाचे दीड व्होल्ट. कॅसिओच्या एफएक्स-९९१ईएस प्लसमध्ये असा एकच असतो. दहा रुपयांच्या नाण्याहून लहान, चपटा सीआर२०३२ असेल तर तो एकटाच तीन व्होल्टचा. चार एएए असतील तर सहा व्होल्ट. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस किंवा कॅसिओचा एफएक्स-९८६०जीआयआय हे आलेख काढणारे कॅल्क्युलेटर या गटातले. टीआय-८४ प्लस सीई मात्र निराळा. त्यात चार्ज होणारी लिथियम बॅटरी आणि मिनी-बी यूएसबी खाच आहे; त्याला वायर लावायची आणि मोकळं व्हायचं, या लेखाचा पुढचा भाग त्याच्यासाठी नाही.

सेलच्या खणातली स्प्रिंग ही मायनसची बाजू आणि पत्र्याचा सपाट किंवा उंचवटा असलेला तुकडा प्लसची. बटण सेलमध्ये उलट फसगत होते. त्याची रुंद सपाट बाजू, जिच्यावर नंबर कोरलेला असतो, ती प्लस.

## पूर्वी अडॅप्टरची खाच असायची, आता का नाही?

कारण गरज संपली. १९७२ साली हेवलेट-पॅकार्डने एचपी-३५ आणला तेव्हा त्याचे आकडे लाल एलईडीचे होते. पेटणारे दिवे वीज खाणारच. आत निकेल-कॅडमियमचे तीन चार्ज होणारे सेल होते आणि चार्जर सोबतच यायचा. अशा कॅल्क्युलेटरमध्ये गंमत ही की आठांनी भरलेला आकडा सगळ्यात महाग पडतो, कारण आठाला सातही रेघा पेटवाव्या लागतात, आणि एक सगळ्यात स्वस्त.

१९७३ मध्ये शार्पचा ईएल-८०५ आला. त्याचा पडदा एलसीडी, म्हणजे स्वतः न पेटणारा, फक्त प्रकाश अडवून काळा दिसणारा. तो एका एए सेलवर १०० तास चालायचा. १९७६ मध्ये शार्पनेच सूर्यप्रकाशावर चालणारा ईएल-८०२६ काढला. वीज इतकी कमी लागू लागल्यावर बाजूला भोक पाडून त्यात खाच बसवण्याचा खर्च कोण करणार?

आज किती कमी लागते? काही सायंटिफिक मॉडेलांच्या पुस्तिकेत ०.०००२ वॅट असा आकडा छापलेला आहे. नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब जेवढं खातो तेवढ्यात असे ४५ हजार कॅल्क्युलेटर चालतील. साधा बेरीज-वजाबाकीचा तर याहूनही कमी खातो, काही मायक्रोअँपिअर. एक मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग.

## सोलर आहे, मग सेल कशाला?

वरची तपकिरी पट्टी म्हणजे सहसा चार लहान सौर घटांची साखळी. खोलीतल्या प्रकाशात प्रत्येक घट साधारण अर्धा व्होल्ट देतो आणि चारांचे मिळून दीड-दोन होतात. ट्यूबलाइटखाली साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर चालतो. संध्याकाळी दुकानात दिवे लागायच्या आधी तो मरगळतो, तेव्हा सेल मदतीला येतो. 'टू वे पॉवर' छापलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच.

दुपारच्या उन्हात हीच पट्टी जास्त व्होल्ट देते. ते चिपपर्यंत पोचू नयेत म्हणून स्वस्त कॅल्क्युलेटरमध्ये एक भन्नाट काटकसर केलेली असते. आत, कुणालाही दिसणार नाही अशा जागी, एक लाल एलईडी बसवलेला असतो. लाल एलईडी साधारण १.६ ते १.८ व्होल्टच्या पुढे वीज गिळायला लागतो आणि दाब त्याच्यावर चढू देत नाही. उजेड द्यायला नव्हे, टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपासारखा. ही युक्ती पुढे आपल्याही कामी येणार आहे.

जाता जाता: काही अगदी स्वस्त कॅल्क्युलेटरांवरची सोलर पट्टी म्हणजे नुसतं रंगीत प्लास्टिक असतं. सेल काढून दिव्याखाली धरा. चालू झाला नाही तर समजा.

## खणातला जुना एलिमिनेटर जोडू नका

बॅटरी एलिमिनेटर, म्हणजे सेलऐवजी लावायचा जुना अडॅप्टर, अजून कित्येक घरांत आहे. जड, काळा ठोकळा, बाजूला ३, ४.५, ६, ७.५, ९ असा सरकणारा खटका. खटका तीनवर आहे, कॅल्क्युलेटर तीन व्होल्टचा आहे, मग अडचण काय?

अडचण ही की तो तीन व्होल्ट देतच नाही. जुन्या पद्धतीच्या एलिमिनेटरमध्ये व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेने सोडणारे डायोड आणि थोडी वीज साठवणारा एक कपॅसिटर एवढंच असतं. व्होल्ट पकडून ठेवणारा भाग नसतो. त्यावर लिहिलेला आकडा पूर्ण भारावरचा असतो. समजा ३०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.३ अँपिअर, ओढणारा रेडिओ जोडला, तर खाली दबून तो तीनवर येतो. काहीच ओढलं नाही तर तोच चार-साडेचार, कधी त्याच्याही वर जातो. कॅल्क्युलेटर जे ओढतो ते एलिमिनेटरच्या लेखी 'काहीच नाही' या सदरात जमा होतं. म्हणजे कॅल्क्युलेटरला कायम तो चढलेला आकडाच मिळणार.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, डीसी २० व्होल्टवर ठेवा, एलिमिनेटर सॉकेटमध्ये लावा आणि मोकळ्या पिनेवरचा आकडा वाचा. तो लिहिलेल्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर या कामासाठी तो बाद. मोबाइलचा चार्जर या बाबतीत कितीतरी सज्जन आहे: भार असो-नसो, तो पाचाच्या आसपास राहतो.

## एक रेझिस्टर लावून भागणार नाही का?

पहिला विचार हाच येतो, आणि फसतोही हाच. पाण्याच्या नळीला मध्ये चिमटा लावा. शेवटचा नळ उघडा असेल तोवर धार कमी येते, दाबही कमी वाटतो. पण शेवटचा नळ बंद केला की काही क्षणांत चिमट्याच्या पलीकडे टाकीचा पूर्ण दाब पोचतो. रेझिस्टर हा तसा चिमटा आहे. तो किती व्होल्ट खाईल हे वाहणाऱ्या करंटवर, म्हणजे धारेवर, अवलंबून. वर्गमूळ काढताना कॅल्क्युलेटर जास्त ओढतो, नुसता आकडा दाखवताना कमी आणि बंद असताना जवळपास शून्य. शून्य करंटला रेझिस्टर शून्य व्होल्ट खातो आणि पाचचे पाच व्होल्ट पलीकडे जातात.

ओळीने डायोड लावून व्होल्ट उतरवण्याचंही तेच. 'प्रत्येक डायोड ०.७ व्होल्ट खातो' हे वाक्य मिलिअँपिअरच्या जगात खरं. मायक्रोअँपिअरमध्ये तोच डायोड ०.४ वर येतो आणि हिशेब कोलमडतो.

म्हणून व्होल्टेज रेग्युलेटर लागतो. हा टाकी आणि नळ यांच्यात बसलेला राखणदार: धार कमी-जास्त झाली तरी दाब तोच ठेवतो. एलएम३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर जुना आहे, स्वस्त आहे, आणि दोन रेझिस्टर बदलून हवे तेवढे व्होल्ट देतो.

छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून पहिला पाय ॲडजस्ट, मधला आउटपुट, उजवीकडचा इनपुट. पाठीचा पत्रा आतून आउटपुटलाच जोडलेला असतो, त्यामुळे तो दुसऱ्या कशाला टेकू देऊ नका. जोडणी अशी:

- चार्जरचा प्लस इनपुटला. इनपुट आणि मायनस यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.
- आउटपुट आणि ॲडजस्ट यांच्यात १२० ओहमचा रेझिस्टर (ओहम म्हणजे त्याच्या अडथळ्याचं माप).
- ॲडजस्ट आणि मायनस यांच्यात २४ ओहम.
- आउटपुट आणि मायनस यांच्यात १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याची मायनसची खूण मायनसकडेच.

गणित सरळ आहे. एलएम३१७ आउटपुट आणि ॲडजस्ट यांच्यात कायम १.२५ व्होल्ट ठेवतो. १२० ओहममधून मग १०.४ मिलिअँपिअर वाहतात, तेच २४ ओहममधून जातात आणि तिथे पाव व्होल्ट तयार होतो. १.२५ अधिक ०.२५, झाले दीड. तीन व्होल्ट हवे असतील तर २४ च्या जागी १५० आणि १८ ओहम एकामागे एक लावा, म्हणजे १६८.

जोडणीच्या अनेक नकाशांत १२० ऐवजी २४० ओहम दिलेले दिसतात. रेडिओसाठी ठीक, कॅल्क्युलेटरसाठी नको. एलएम३१७ ला ताळ्यावर राहायला स्वतःमधून काही किमान करंट वाहावा लागतो, काही नगांना तो १० मिलिअँपिअरपर्यंत लागतो. कॅल्क्युलेटर तर काहीच ओढत नाही. तेव्हा हा किमान भार रेझिस्टरांनीच उचलायला हवा. २४० ओहमने तो निम्मा होतो आणि आउटपुट वर सरकू शकतं.

आता त्या लाल एलईडीची पाळी. या जोडणीतला सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे २४ ओहमच्या रेझिस्टरचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटणं. तो सुटला की ॲडजस्ट हवेत लटकतो आणि आउटपुट साडेतीन व्होल्टच्या आसपास उडी मारतं. म्हणून दीड व्होल्टच्या जोडणीत आउटपुटनंतर १०० ओहमचा एक रेझिस्टर घाला आणि त्याच्या पुढे, कॅल्क्युलेटरच्या बाजूला, प्लस-मायनसमध्ये साधा लाल एलईडी. सगळं ठीक असताना दीड व्होल्टला तो पेटत नाही आणि १०० ओहममध्येही नगण्यच व्होल्ट जातात. डाग सुटला तर एलईडी झगझगीत पेटतो, दाब पावणेदोनच्या आसपास अडवतो आणि बिघाडाची वर्दीही देतो. एलईडी लालच हवा. निळा किंवा पांढरा तीन व्होल्टच्या आसपास जागा होतो, तोवर उशीर झालेला असतो.

चार सेलवाल्या, सहा व्होल्टच्या कॅल्क्युलेटरला यातलं काहीही लागत नाही. चार चार्जेबल सेलांचे मिळून ४.८ व्होल्टच होतात आणि साधे सेलही वापरता वापरता तिथपर्यंत उतरतातच. त्यामुळे चार्जरचे ५ व्होल्ट त्याला थेट चालतात.

## यूएसबीची वायर कापताना

आत चार तारा असतात. लाल प्लस, काळी मायनस, हिरवी आणि पांढरी माहितीच्या. शेवटच्या दोघींची टोकं वेगवेगळी कापून टेप लावा. स्वस्त वायरींमध्ये रंग काहीही असू शकतात, तेव्हा मीटर लावल्याशिवाय विश्वास नको.

चार्जरकडचं टोक जुन्या चौकोनी ए-टाइपचं निवडा. दोन्हीकडे टाइप-सी असलेली वायर कापली तर मीटरवर शून्य येतं आणि माणूस चार्जर बिघडला म्हणून शोधत बसतो. टाइप-सीचा चार्जर समोर ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरने 'मी आलोय' असं सांगितल्याशिवाय वीज सोडतच नाही.

## डमी सेल: कॅल्क्युलेटरला भोक न पाडता

तारा थेट पत्र्याला डाग देऊन जोडता येतात, पण पेन्सिल सेलचा खण असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे: लाकडाचा खोटा सेल. एए साधारण १४.५ मिलिमीटर जाड आणि ५०.५ लांब असतो, एएए १०.५ जाड आणि ४४.५ लांब. त्या मापाची गोल काठी कापा. दोन्ही टोकांना पितळी स्क्रू अर्धवट पिळा, त्याखाली तारेचा फेरा गुंडाळा आणि घट्ट करा. स्प्रिंगकडच्या स्क्रूला काळी, दुसऱ्याला लाल. दोन्ही स्क्रूंची टोकं लाकडाच्या आत एकमेकांना भिडत नाहीत ना, ते कॅल्क्युलेटरमध्ये घालण्याआधी मीटरने बघा. झाकणाच्या कडेला कानसीने छोटी खाच केली की तारा बाहेर येतात.

दोन किंवा चार सेलांचा खण असेल तर लोक गोंधळतात. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे आपल्याला साखळीची फक्त दोन टोकं हवीत. पहिल्या डमीच्या प्लसला लाल तार, शेवटच्या डमीच्या मायनसला काळी. मधले खण रिकामे राहिले तरी चालतात. ही दोन टोकं कोणती हे ओळखायला खरे सेल घालून मीटरने शोधा. ज्या दोन पत्र्यांमध्ये पूर्ण तीन किंवा सहा व्होल्ट दिसतील ती.

एलआर४४ च्या बाबतीत जागा अडचणीची. तो सेल ११.६ मिलिमीटर रुंद आणि ५.४ उंच. त्याच्याएवढ्या प्लास्टिकच्या चकतीवर खाली आणि वर तांब्याची पट्टी चिकटवून बारीक तारा काढता येतात, पण या पत्र्यांचा दाब हलका असतो. टेबलाला धक्का लागला की क्षणभर संपर्क तुटतो आणि मेमरीतली बेरीज जाते. त्यावर उपाय म्हणून खणाच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. पाच मायक्रोअँपिअर ओढणारा साधा कॅल्क्युलेटर त्यावर पाचेक सेकंद तग धरतो, सायंटिफिक मात्र पाव सेकंदच.

## सेल आत ठेवूनच तारा जोडल्या तर?

'लाइट गेली तर सेल चालवेल' हा विचार चांगला, जोडणी वाईट. बाहेरचे व्होल्ट सेलपेक्षा किंचितही जास्त झाले की वीज सेलमध्ये उलटी घुसते. साधा अल्कलाइन किंवा बटण सेल चार्ज होण्यासाठी बनलेला नाही. तो आत वायू धरतो, फुगतो आणि पांढरी खारट बुरशी ओकतो. ती पत्रे खाते, आणि कॅल्क्युलेटर बहुधा त्यानेच मरतो, व्होल्टने नव्हे. तेव्हा एक तर सेल काढा, नाही तर प्रत्येक स्रोताच्या प्लसला एक शॉटकी डायोड लावा, उदाहरणार्थ १एन५८१७, म्हणजे दोघे एकमेकांत ढवळाढवळ करणार नाहीत.

टीआय-८४ प्लससारख्यांत चार सेलांखेरीज एक छोटा बटण सेल वेगळा असतो. तो मेमरी राखण्यासाठी आहे. त्याला हात लावू नका.

ज्या उपकरणांना कारखान्यातूनच अडॅप्टरची खाच असते तिथे हे आधीच सोडवलेलं असतं. खाचेला दोनऐवजी तीन पाय असतात आणि पिन आत गेली की तिसरा पाय सेलची वाट यांत्रिकपणे तोडतो.

आणि एक अगदी उलटं उदाहरण. एचपी-२१ आणि १९७५ चा एचपी-२५ या मालिकेत चार्जरच्या विजेला लगाम घालण्याचं काम आतले दोन निकेल-कॅडमियम सेलच करायचे. सेल काढून, किंवा त्यांचे पत्रे गंजलेले असताना, चार्जर लावला की आतले व्होल्ट उसळतात आणि चिप जाते. आज तिचा सुटा भाग नवा मिळत नाही. जुने कॅल्क्युलेटर जमवणाऱ्यांनी हे मूळ चार्जर दुरूनच बघावेत आणि सेल बाहेर काढून चार्ज करावेत.

## पॉवर बँक दर अर्ध्या मिनिटाला का झोपते?

तिच्या दृष्टीने कॅल्क्युलेटर तिथे नाहीच. पॉवर बँक फोन भरला हे कमी झालेल्या करंटवरून ओळखते. तो बहुधा ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली गेला की बंद होते. आपली पूर्ण जोडणी ओढते दहा-अकरा मिलिअँपिअर. काही पॉवर बँकांत बारीक भारासाठी वेगळी सोय असते, घड्याळ किंवा इअरफोन चार्ज करण्यासाठी. बटण दोनदा दाबून ती चालू होते का पाहा. नसेल तर भिंतीवरचा चार्जर बरा.

## व्होल्ट थोडे चुकले तर उत्तर चुकेल का?

नाही. तागडीसारखं ते थोडं झुकत नाही. चिप एक तर बरोबर मोजते, नाही तर गोठते किंवा पडद्यावर अर्धवट रेघा दाखवते. व्होल्ट कमी असतील तर आकडे पुसट होतात आणि तिरपे पाहिल्यावरच दिसतात. जास्त असतील तर जिथे काही नको तिथेही आठांच्या सावल्या उमटतात. याचं कारण असं की दीड व्होल्टच्या कॅल्क्युलेटरमध्ये पडद्यासाठी तेच व्होल्ट दुप्पट करून वापरतात. तुम्ही आत तीन दिले तर पडद्याला सहा मिळतात. सावल्या दिसल्या की लगेच काढा आणि मीटर लावा. दीडच्या जागी १.४ ते १.६ चालतं.

प्लस-मायनस उलटं झालं तर काही कॅल्क्युलेटर नुसते चालत नाहीत, काही कायमचे चालत नाहीत. कोणता कोणत्या जातीचा हे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून जोडण्याआधी डमी सेलवर मीटर टेकवण्याला पर्याय नाही.

## २३० व्होल्टवरून थेट, कपॅसिटर लावून?

हा एकच प्रश्न असा आहे ज्याचं उत्तर 'अजिबात नाही'. स्वस्त नाइट लॅम्पमध्ये मुख्य लाइनवर एक कपॅसिटर लावून थोडी वीज काढतात. त्या जोडणीचा प्रत्येक बिंदू मुख्य लाइनला जोडलेला असतो, फक्त प्लास्टिकात बंद असल्याने हात लागत नाही. कॅल्क्युलेटरला बोटं लागतात, त्याचे पत्रे उघडे असतात, शेजारी चहा सांडतो. चार्जरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर दोन बाजूंना वेगळं ठेवतो, आणि खरी किंमत त्या वेगळेपणाची आहे. म्हणून चार्जरही बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या. अशी नोंदणी भारतात २०१२ च्या आदेशाने सक्तीची झाली आहे.

## एवढं करून पैसे वाचतात का?

साध्या कॅल्क्युलेटरला, नाही. एका एए सेलमध्ये साधारण ३ वॅट-तास वीज असते, म्हणजे ०.००३ युनिट. सेल वीस रुपयांचा धरला तर ही वीज युनिटला साडेसहा हजार रुपयांच्या पुढे पडते. ऐकायला भयंकर, पण ०.०००२ वॅटच्या यंत्राला वर्षभर अखंड चालवायला दोन वॅट-तासही लागत नाहीत. उलट नुसता सॉकेटमध्ये अडकवलेला चार्जर ०.१ वॅट खात असेल तर वर्षाला पाऊण युनिटहून जास्त गिळतो, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या पाचशेपट. आपला एलएम३१७ आणखी निम्मी भर घालतो. परीक्षार्थींनाही उपयोग नाही: कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेचे नियम तर कॅल्क्युलेटर बॅटरीवरचा, बिनआवाजाचा आणि बिनवायरीचा हवा असं स्पष्टच सांगतात.

हा खटाटोप शोभतो तो दिवसभर वर्गात चालणाऱ्या आलेखी कॅल्क्युलेटरला, लाल आकड्यांच्या जुन्या यंत्रांना आणि सगळ्यात जास्त कागदावर छापणाऱ्या कॅल्क्युलेटरला. छापणाऱ्यात मोटर असते, आणि मोटर सुरू होताना क्षणभर जो करंट ओढते तो पडद्याच्या हजारोपट असतो. इथे आधीचा सगळा न्याय उलटतो: व्होल्ट बरोबर असूनही अडॅप्टर अँपिअरला कमी पडला तर छपाई सुरू होताच व्होल्ट कोसळतात, पडदा कोरा होतो आणि ओळ अर्धीच छापली जाते. लोक मग कागदाच्या रोलला दोष देतात.

यांना बहुधा कारखान्याची खाच असतेच. यंत्राच्या पाठीवर व्होल्ट, मिलिअँपिअर आणि एक छोटं चित्र छापलेलं असतं: मधला ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, दोन्हीकडे प्लस-मायनस. मधला ठिपका मायनसला जोडलेला दिसला तर दचकू नका. संगीताच्या कीबोर्डांतही ही पद्धत आढळते. अडॅप्टरवरचं चित्र तंतोतंत तेच हवं, व्होल्ट तेच हवेत आणि मिलिअँपिअर छापलेल्याइतके किंवा जास्त. पिन खाचेत बसली म्हणजे जुळली असं मात्र नाही. ५.५ मिलिमीटरची पिन आतल्या बाजूने २.१ आणि २.५ अशा दोन मापांची येते. अडीचची पिन २.१ च्या खाचेत सैल बसते, आणि मोटर फिरली की त्या थरथरीने संपर्क सुटतो.